डॉमनिकची राहिलेली ड्युटी

पोलादपूरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक छोटंसं चर्च होतं. ते आलं की आमचे ड्रायव्हर दगडूभाऊ एका हातानं स्टिअरिंग धरायचे आणि दुसऱ्यानं कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस काढायचे. इथवर ठीक. पण मग जन्माची सवय आड यायची. क्रूस झाला की तोच हात दोन्ही कानांच्या पाळ्यांना लावून गालावर दोन चापट्या, गणपतीपुढं मारतात तशा!

गाडीत बसलेल्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका ते बघून चर्चला हात जोडायच्या.

"कुठला देव गो ह्यो?"

"डायवरचा हाय."

एकीनं तर खिडकीतून हळदीकुंकू उधळलं. ते माझ्या डोळ्यांत गेलं. मी कंडक्टर.

महाड-महाबळेश्वर गाडीवर मी नवा लागलो तेव्हा विचारलं, "भाऊ, तुम्ही ख्रिस्ती झालात काय?"

"नाय रे. डॉमनिकची ड्युटी हाय."

डॉमनिक म्हणजे त्यांचा आधीचा कंडक्टर. त्या चर्चपाशी न चुकता क्रूस काढायचा. रिटायर होऊन वसईला गेला, गुडघे गेले. "त्याला आता हितनं जायाला नाय मिळत," दगडूभाऊ म्हणाले, "म्हणून आपण करायचं."

झालं! त्या दिवसापासून हा न पाहिलेला डॉमनिक माझ्या मानगुटीवर बसला. मी बेल मारली की, "डॉमनिक मारायचा ती बेल गाडीला पण कळायची." मी गर्दी आवरली की, "डॉमनिक नुसता खाकरायचा, मान्सं आपोआप आत सरकायची." एकदा आईच्या हातचे घावणे नेले. भाऊंनी चार खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाले, "डॉमनिकचा नाताळातला केक पण अस्साच मऊ." घावण्याला केक! जळायचो मी, अक्षरशः जळायचो. चर्च आलं की मुद्दाम तिकडं पाठ करून उभा राहायचो. माणूस समोर उभा आहे त्याचं काही नाही, आणि वसईला बसलाय त्याचे लाड.

माझीही एक ड्युटी होती. आंबेनळी घाट चढायच्या आधी आमच्या वाडीचा फाटा लागतो. तिथं आई शेळ्या घेऊन बसलेली असायची. मोतीबिंदूमुळं तिला गाडी नुसती लाल दिसायची. मी दारातून ओरडायचो, "आये, येतो गो!" ती काठी वर करायची. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. दगडूभाऊंनी यावर कधी अवाक्षर काढलं नाही. त्यांचं लक्षच नसेल, असं मी धरून चाललो होतो.

मग मला कावीळ झाली. महाडच्या खोलीवर पडून राहिलो. आईला कळलं तर ती तसल्या डोळ्यांनी चालत निघेल, म्हणून घरी निरोप धाडू दिला नाही. जीव मात्र फाट्यावर अडकलेला. आवाज आला नाही तर म्हातारी काय समजेल? आणि दगडूभाऊ? एकदाही डोकावले नाहीत. म्हटलं, डॉमनिकला कावीळ झाली असती तर वसईपर्यंत गाडी नेली असती यांनी.

उठता यायला लागल्यावर घरी निघालो. गाडी आमचीच, कंडक्टर बदलीचा. गर्दीत मागं कोपऱ्यात बसलो, भाऊंना दिसलो नाही. चर्च आलं. क्रूस, कान, चापट्या, सगळं यथासांग. माझं टाळकंच सणकलं.

फाटा आला. बेल मारायला दोरीला हात घातला, तेवढ्यात गाडी आपणहून हळू झाली. दगडूभाऊंनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं, तंबाखूनं फाटलेला आवाज जमेल तेवढा बारीक केला आणि ओरडले,

"आये, येतो गो!"

आईनं काठी वर केली.

दोरी माझ्या हातात तशीच राहिली. गाडी फाटा सोडून पुढं गेली, घाट सुरू झाला, तेव्हा कुठं मी गर्दीतून पुढं सरकलो.

"भाऊ, माझा फाटा मागं राहिला."

दचकले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग चटकन मान रस्त्याकडं वळवली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"डॉमनिक असता," ते म्हणाले, "तर येळेवर बेल मारली असती त्यानं."