भानूतात्या साईड देतात

भानूतात्या कदम पायी चालत असले तरी वळायच्या आधी हात दाखवतात. किराणा दुकान उजवीकडं आहे, तर दहा पावलं आधीच उजवा हात खांद्यातनं सरळ बाहेर. डावीकडच्या देवळात जायचं, तर तोच हात हवेत गोल फिरणार. आणि थांबायचं असलं की कोपर मोडून पंजा आभाळाकडं. बत्तीस वर्षं एसटी चालवून माणूस निवृत्त झाला. हात अजून ड्यूटीवर आहे.

मी नळदुर्गच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात आमची ओळख झाली. सकाळी दुधाची किटली घेऊन गल्लीतनं मी त्यांच्या मागं चाललो होतो. त्यांनी पंजा वर केला. मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे, पाठमोरा असूनसुद्धा नमस्कार करतो. मीही हात वर केला, नेमका किटलीचा, आणि तसाच त्यांच्यावर जाऊन आदळलो. अर्धं दूध त्यांच्या पाठीवर, अर्धं माझ्या डोक्यावर. तात्या वळले आणि शांतपणे म्हणाले, "सर, अंतर किती ठिवलं हुतं?"

या माणसाचा एक हात मात्र सहजासहजी दिसत नाही. मागच्या गाडीला 'जा पुढं' म्हणून सांगणारा, पुढंमागं झुलणारा हात. त्यावर त्यांचं एक प्रवचन आहे. "मागच्याला म्होरचं काय बी दिसत नसतंय, सर. त्यो निस्ता माझ्या हाताच्या भरवशावर येतो. म्हून म्होरला रस्ता म्या सोता बघितल्याबिगर हात हलवायचा न्हाय. मागं कलेक्टरची गाडी का असंना!" यापायी तुळजापूर ते उमरगा त्यांना 'आडवा कदम' म्हणत. तात्यांना ते बक्षिसासारखं वाटायचं.

घरातही हाच कायदा. स्नेहल, त्यांची एकुलती एक लेक, पाचवीत असताना सायकल मागू लागली. तात्यांनी आधी शाळेपर्यंतचा रस्ता दोनदा चालून बघितला, खड्डे मोजले, मग सायकल आली. पुढं ती म्हणाली, मला पायलट व्हायचंय. आता आभाळ काही चालून बघता येत नाही. तात्या आठ दिवस गच्चीवर बसून वर बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "वर समोरून ट्रक येत न्हाय, एवढं बरं हाय." फंडाचा सगळा पैसा तिच्या ट्रेनिंगला गेला. लायसन्स आलं. नोकरी आली नाही.

तीन वर्षं स्नेहलनं गल्लीतल्या पोरांना गणित शिकवलं. ज्या कंपन्या भरती करत, त्यांना अनुभव हवा. अनुभव यायला नोकरी हवी. गल्लीतली माणसं काळजीनं चौकशी करायची, "कवा उडनार गं?" काळजी असली तरी टोचायची तेवढी टोचायचीच.

आणि मग या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. हैदराबादला एक नवी विमान कंपनी निघाली. लहान विमानं, लहान गावं, शिकाऊ को-पायलट पाहिजेत. स्नेहलला मुलाखतीचं बोलावणं आलं. त्याच आठवड्यात तुळजापूरच्या एका शाळेत गणिताची पक्की जागाही चालून आली. शाळेला पंधरा दिवसांत होय-नाही कळवायचं होतं.

"तात्या, काय करू? कंपनी नवीन आहे. टिकली तर टिकली."

"रस्ता बघू दे," तात्या म्हणाले.

मला वाटलं, ही बोलायची पद्धत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या माझ्या दारात, इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी. "सर, चला हैदराबादला. तुमचं इंग्रजी लागंल. पोरीला बोलू नगा."

इंग्रजीचं नाव काढलं की मी कुठंही जातो. खरं म्हणजे स्नेहलचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. तरी मुलाखतीच्या तयारीला म्हणून मी तिला दोन दिवस 'स्वतःविषयी सांगा' शिकवत होतो आणि ती बिचारी ऐकून घेत होती. गाडीत मी एक वाक्य तयार केलं: आम्ही आमच्या मुलीच्या वैमानिकपदाच्या नोकरीसंबंधी चौकशीला आलो आहोत. उमरग्यापासून जहिराबादपर्यंत ते इंग्रजीतनं घोळवत होतो. तात्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत होते.

कंपनीच्या ऑफिसला काचेचं दार होतं. ते इतकं स्वच्छ होतं, की मला दिसलंच नाही. कपाळ आपटलं तेव्हा माझ्या वाक्यातली 'मुलगी' आणि 'चौकशी' दोन्ही बाहेरच पडली असावीत. कारण काउंटरवर मी जे बोललो त्यातनं तिथल्या पोरीला एवढंच कळलं, की आम्हाला वैमानिकपदाची नोकरी पाहिजे. तिनं आम्हाला दोन फॉर्म दिले आणि टाय लावलेल्या पोरांच्या रांगेत बसवलं. मी घाबरून नाव-पत्ता भरलासुद्धा. पोरं आमच्याकडं बघून हळूच कॉलर नीट करू लागली. त्यांना वाटलं असणार, ही जुनी, मुरलेली माणसं दिसतात.

तात्यांचं नाव आधी पुकारलं. मी दुभाषा म्हणून मागं. आत एक मॅडम आणि पिकल्या मिशांचे एक कॅप्टन.

मॅडमनी हिंदीत विचारलं, "टोटल अवर्स कितने?"

तात्या बत्तीस वर्षं हैदराबादच्या रस्त्याला होते, तिकडची दखनी हिंदी त्यांना तोंडपाठ. "बत्तीस साल. रोज के आठ घंटे, जी."

मॅडमचं पेन थांबलं. "फ्लाइंग अवर्स?"

"उड को नई जी. नीचे-नीचेच."

कॅप्टन इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. मी त्या अवधीत माझं वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. कुणी ऐकलं नाही. कॅप्टन हैदराबादचेच निघाले. त्यांनी चहा मागवला आणि तात्यांना म्हणाले, "पूछो चाचा, क्या पूछना है."

तात्यांनी पिशवीतनं कागद काढला. "गाड्या कित्ते?"

"दो. तिसरी आती."

"एक वर्कशॉपकू गई, तो बदली गाडी?"

कॅप्टनचं हसू थांबलं. "नक्को पूछो, चाचा. बदली गाडी नई है."

"डायव्हर थके, तो बदली डायव्हर?"

"है. उस में कमी नई करता मैं."

मग तात्यांनी कागदाची घडी घातली. शेवटचा प्रश्न कागदावर नव्हता. "मुक्काम के गाव में पोरी लोगां के वास्ते अलग कमरा है क्या? दरवाजे कू कडी अंदर से है?"

"है," कॅप्टन म्हणाले. "मैं खुद देख को आया." मग चहाचा कप खाली ठेवून, "कंपनी चलेगी क्या, मैं नई बोल सकता. मैं पक्की नोकरी छोड को आया, इत्ता बोलता."

परतताना हुमनाबादला तात्या म्हणाले, "खोटं बोलला न्हाय मानूस."

"मग हात दाखवणार का पोरीला?"

"बदली गाडी न्हाय, सर. म्होरचं कसं दिसंल?"

पुढच्या आठवड्यात स्नेहल मुलाखतीला जाऊन आली ती थेट माझ्या दारात. "सर, मुलाखत संपल्यावर कॅप्टन मला काय म्हणाले माहितीय? 'तुमच्या गावचे ते नीचे-नीचेवाले चाचा कोण?' आणि दुसरा, कपाळाला टेंगूळ आलेला उमेदवार कोण? तात्यांचं सोडा, तुम्हाला तरी कळायला नको?"

मी कपाळावरनं हात फिरवला. "मग तू काय सांगितलंस?"

"माझे वडील आहेत, असं सांगितलं." ती एकदम खाली बसली. "टेंगूळवाल्याला ओळखत नाही, म्हटलं."

चार दिवसांनी तिची निवड झाल्याचं पत्र आलं. मंगळवारी हजर व्हायचं. रविवारी रात्रीपर्यंत तात्यांनी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. स्नेहलनं बॅग भरली, तुळजापूरला नकार कळवला. मला म्हणाली, "जाणार तर आहेच, सर. पण त्यांचा हात बघून गेले असते."

सकाळी स्टँडवर आम्ही तिघं. हायवेवर ट्रकांची रांग. तात्या मला बघून म्हणाले, "ही एवढी हुती, तवा हितंच हुबी ऱ्हायाची. माझी जलद गाडी, थांबा न्हाय. म्या निस्ता हात भाईर काढायचो." एवढंच बोलले.

हैदराबादची गाडी आली. स्नेहल पाया पडली, चढली, खिडकीशी बसली. गाडी हलली आणि तात्या तिच्या मागं चालू लागले, रस्त्याच्या कडेकडेनं, आधी हळू, मग भराभर. त्यांचा उजवा हात बाहेर आला. सरळ नाही, गोल नाही. पुढंमागं, पुढंमागं झुलू लागला. मागच्या ट्रकवाल्याला वाटलं, आपल्यालाच साईड दिली. तो हॉर्न वाजवून आभार मानत निघून गेला. लांब गेलेल्या एसटीच्या खिडकीतनं एक हात बाहेर आला आणि वळणापर्यंत तसाच राहिला.

मी धापा टाकत पोचलो. "तात्या, दिसला का रस्ता?"

"न्हाय."

"मग?"

"म्होरं ती हाय, सर. तिला दिसंल. आता म्या मागच्या गाडीत."

घराकडं निघालो. गल्ली आली आणि तात्या हात न दाखवताच वळले. मी सरळ त्यांच्या पाठीवर आदळलो. या खेपेला त्यांनी अंतर विचारलं नाही. उजव्या हातानं ते डोळे पुसत होते. हात मोकळा नव्हता.