अक्कांचा घास

आमच्या अक्का कुणाला ‘या, बसा’ म्हणत नाहीत. ‘आ कर’ म्हणतात. माणूस दारात चपला काढेपर्यंत त्यांच्या हातात घास तयार असतो, आणि तोंड उघडायचा अवकाश, तो आत जातो. मग त्या विचारतात, “कधी निघालतास घरून?” उत्तर देता येत नाही, कारण तोंड भरलेलं असतं. एकदा वीजमंडळाचा माणूस मीटर बघायला आला होता, त्यालाही सोडलं नाही. बिचारा धपाट्याचा घास चघळत मीटरपुढे उभा राहिला आणि आकडे टिपायचे विसरूनच गेला.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्न होऊन बिलोलीला गेल्या, थोड्याच वर्षांत नवरा वारला आणि त्या निलंग्याजवळच्या आमच्या गावी परत आल्या, त्या कायमच्या. पोटी मूल नाही. घर त्या सांभाळतात, शेती त्या करतात आणि धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या यांना, अजूनही ‘लहान हाय त्यो’ म्हणतात. आम्ही लातूरला राहतो. दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी आणि येळवसचा सण, वर्षातून तीन वेळा तरी गावी जाणं होतं.

आता एकदाच सांगून टाकते. मला पोरं झाल्यापासून मी या बाईवर जळत आले आहे. आणि थोडीथोडकी नाही, चांगली चरचरून जळते.

कारणही तसंच होतं. माझा ओंकार लहानपणी असा की, एका पोळीसाठी घरभर पळवायचा. मी हातात ताटली घेऊन त्याच्यामागे, टीव्हीवर कार्टून, खिडकीत चिमण्या, कशाचा म्हणून उपयोग नाही. मेथी दिसली तर उलटी काढायचा. तोच मुलगा गावी गेला की अक्कांच्या मांडीला मांडी लावून बसायचा. “आ कर,” म्हटलं की आ! मेथी गेली, कारळाची चटणी गेली, शेपूसुद्धा गेला. मी दारात उभी राहून बघत राहायची. एकदा न राहवून म्हटलं, “अक्का, माझ्या हाताला काय चव नाही का?”

“चव हाय की गं,” अक्का म्हणाल्या. “घाई बी लई हाय.”

हे वाक्य माझ्या इतकं जिव्हारी लागलं की, लातूरला परत आल्यावर मी आठवडाभर ओंकारला सावकाश भरवलं. त्याची शाळेची रिक्षा दोनदा चुकली.

बरं, अक्का नुसता घास भरवून थांबत नाहीत. तोंड उघडलेलंच आहे तर आत डोकावतात. “वरची दाढ काळी पडलालीय. लातुरात चॉकलेटंच खाऊ घालतीस व्हय गं?” हे सगळ्या पाहुण्यांदेखत. पोरं तोंड कशी उघडतात यावरून पोरांच्या मनातलं कळतं, असा त्यांचा दावा आहे. अर्धंच उघडलं तर काहीतरी लपवलंय. एका दिवाळीत ओंकारने अर्धंच उघडलं. अक्कांनी हात मागे घेतला. “काय केलास?” पोरगं रडायला लागलं आणि गणितात नापास झाल्याचं सगळ्या घरासमोर सांगून मोकळं झालं. त्याच्या पेपरवर सहीसुद्धा अक्कांची घेऊन गेला. त्याला जन्म मी दिला, शिकवणीची फी आम्ही भरली आणि बातमी पहिल्यांदा कुणाला कळली, तर अक्कांना!

श्रुती, माझी धाकटी, तिची तर दुसरीच तऱ्हा. एका उन्हाळ्यात मी हट्टानं सगळ्यांना कोकणात नेलं. गावी नाही, अक्का नाहीत, नुसते आम्ही चौघं. हॉटेलच्या खोलीतून समुद्र दिसत होता. मी म्हटलं, “बघ किती मोठाय!” श्रुती खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “अक्काला आणायला पाहिजे होतं.” झालं. पुढे तिने बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं, ते गाडीत सांडू नये म्हणून मांडीवर धरून निलंग्यापर्यंत आणलं. अक्कांनी एक बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, “कालवणाला चालतंय.” पोरं हसून हसून लोळली. माझ्या त्या सगळ्या सहलीतलं पोरांना आज आठवतं ते एवढंच.

हैदराबादच्या दिरांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या पुतण्याच्या लग्नात अक्का स्टेजवर चढल्या. नवरदेव फेटा बांधून खुर्चीत, समोर फोटोग्राफर, मागे आहेर देणाऱ्यांची रांग. “आ कर.” त्याने मुकाट्यानं केला. मग नवरीकडे वळल्या, “तू बी कर. आता आमचीच हाईस.” नवीन नवरी, नाकात नथ, ओठांना लाली, तिनेही आ केला. माझ्या लग्नात अक्का होत्या, पण मला कुणी आ करायला सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी जेवलेच नाही नीट. लोकांना वाटलं, उन्हाचा त्रास झाला.

पण अक्कांचा खरा दिवस म्हणजे येळवस. बाहेरच्यांसाठी सांगते: मार्गशीर्षाच्या शेवटी वेळ अमावस्येला आमच्या भागात सगळं गाव शेतात जेवायला जातं. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, ज्वारीच्या पिठाची ताकातली पातळ आंबील शेतभर शिंपडायची आणि मग भज्जीवर ताव मारायचा. भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि मिळतील त्या पालेभाज्या बेसन लावून एकत्र शिजवतात ती. सोबत उंडे, म्हणजे बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात.

अक्कांची पद्धत अशी की, त्या दिवशी पोरांना ताट नाही. एकच मोठी परात. त्यात अक्का उंडे कुस्करणार, भज्जी कालवणार, आणि घरातली सगळी पोरं परातीभोवती गोल बसणार. पहिला घास सगळ्यांना अक्कांच्या हातचा. दाढी आलेली पोरंसुद्धा. आयांनी लांब बसायचं. मी लांब बसून वर्षानुवर्षं ती उघडी तोंडं बघितली आहेत. मी लातूरला कुकरमध्ये भज्जी करून बघितली. श्रुती खाऊन म्हणाली, “मम्मी, छान झालीय. पण ही भाजी झाली.”

यंदाच्या येळवसला मात्र कुणीच येणार नव्हतं. ओंकार पुण्यात नोकरीला लागलाय, त्याला रजा नव्हती. श्रुती नांदेडला शिकते, तिथे येळवसची सुट्टी नाही आणि त्याच दिवशी तिची प्रात्यक्षिक परीक्षा. पुतणे हैदराबादला. आम्ही दोघंच निघालो. खरं सांगते, गाडीत बसताना मला बरं वाटत होतं. मनात म्हटलं, बघू आता अक्का कुणाला आ करायला लावतात. पोरं मोठी झाली की आईला कसं वाटतं, ते त्यांनाही कळू दे जरा.

शेतात पोचलो तर कोप तयार, पांडव मांडलेले, आणि चुलीजवळ तीच परात. भज्जीही तेवढीच. मी म्हटलं, “अक्का, एवढी कशाला केलीत? पोरं नाहीत यंदा.”

“ठाव हाय मला,” त्या म्हणाल्या. “हाताला सवय हाय, बाई.”

पूजा झाली. यांनी आंबील शिंपडली आणि हे शेजारच्या वावरातल्या मंडळींबरोबर आंब्याखाली जेवायला बसले. अक्का परातीपाशी बसल्या. उंडे कुस्करले, भज्जी कालवली, घास केला आणि हात उचलला. समोर कुणी नव्हतं. हात तसाच राहिला. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक जोडपं चाललं होतं, पुढे टाकीवर चार-पाच वर्षांचं पोर. अक्का उठल्याच. हात वर करून त्यांना थांबवलं, “येळवस हाय, तसंच कसं जाताव? या, या!” ती माणसं उतरून परातीपाशी आली. अक्का पोरासमोर वाकल्या. “आ कर, बाळा.”

पोराने ओठ घट्ट मिटले आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं. अक्कांनी पुन्हा म्हटलं, “आ कर की.” पोर भोकाड पसरून रडायला लागलं. त्याच्या आईनं परातीतला एक घास घेऊन त्याच्या तोंडाला लावला, तो त्यानं गपकन खाल्ला.

अक्कांच्या ‘आ कर’ला कुणी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. हा क्षण बघायला मी किती वर्षं जळत बसले होते! आणि आता मला त्या पोराच्या पाठीत एक धपका घालावासा वाटला. बेशिस्त कुठलं. माझी पोरं अशी नव्हती.

ती माणसं दोन घास खाऊन, पाणी पिऊन गेली. अक्का परातीशी येऊन बसल्या. हातातला घास अजून तसाच.

“लेकरू आईकडंच जाणार की,” त्या म्हणाल्या. “सुरेखा, एक सांगू का? तुझी पोरं माझ्याकडं तोंड उघडायची, पर आधी तुझ्याकडं बघायची. तू लांब बसलेली असायचीस. तुझी मान हलली की मगच आ. दरसाल. मला लई राग यायचा तुझा.”

मी मान हलवत होते, हे मलाच ठाऊक नव्हतं.

“आता काय बघलालीस?” अक्का म्हणाल्या. “आ कर.”

मी आ केला. भज्जी गार झाली होती. त्या सवयीप्रमाणे आत डोकावल्याच. “डावीकडची दाढ दाखवून घे लातुरात. हलगर्जी करू नगंस.” मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तोंड भरलेलं असल्यामुळे दोन्ही धड जमेना.

घास गिळला आणि मी परातीत हात घातला. एक उंडा कुस्करून, भज्जी लावून, चांगला मोठा घास केला. “अक्का, आता तुम्ही आ करा.”

“ये, चल! मी काय लेकरू हाय?”

“करा म्हणते ना.”

त्यांनी आंब्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि लाजत तोंड उघडलं. मी आत पाहिलं. खालच्या बाजूला एकही दाढ उरली नव्हती. साऱ्या घराच्या दाढा तपासणाऱ्या या बाईच्या तोंडात इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीच डोकावलं नव्हतं.

मी हात मागे घेतला. घास परातीत ठेवला, त्यावर थोडी आंबील घातली आणि बोटांनी अगदी मऊ होईपर्यंत कुस्करत बसले. अक्का तोंड तसंच उघडं ठेवून थांबल्या होत्या. मी घाई केली नाही.