चार बोटं पाणी, अठ्ठ्याऐंशी कॅमेरे

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या हौदातलं पाणी चार बोटं कमी भरलं. आदल्या संध्याकाळी हौदाचं झाकण लावून त्याला कुलूप घातलेलं होतं. घरातल्या कपाटाला आम्ही कुलूप लावत नाही, कारण त्यात फक्त दागिने असतात. कुलूप शाबूत होतं. त्यावरून चोर सराईत आहे, एवढं पहिल्याच दिवशी सिद्ध झालं.

मोजणी माझ्या सासूबाईंनी, सुगंधाबाईंनी केली होती. हौदात बुडवायची त्यांची वेळूची काठी आहे. तिच्यावर बोटाबोटाच्या खुणा आहेत आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. दहा महिन्यांचा नातू ती चघळतो, तेवढं त्याला माफ आहे.

"अंबिका," त्या म्हणाल्या, "दूध नासलं तर दुसरं आणता येतं. हे कुठून आणू?"

आमची कॉलनी पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला लागून आहे. नाव समृद्धी विहार, फेज दोन. फेज एक कुठं आहे हे बिल्डरलाही ठाऊक नाही. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली तेव्हा आमचे नळ पाचव्या दिवसावरून नवव्या दिवसावर गेले. नवव्या दिवशी किती वाजता, ते विचारायचं नसतं. म्हणून कॉलनीत एक रीत पडली आहे. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घर नळाला मोटार लावून दहा मिनिटं ओढून बघतं, आले असले तर कळावेत म्हणून. नळाला मोटार लावायला बंदी आहे. त्यामुळे प्रत्येक दारात नळाशेजारी एक लोखंडी घमेलं उपडं घातलेलं असतं, आणि त्याखाली काय आहे हे कुणी कुणाला विचारत नाही. आमच्याकडे एकही मोटार नसल्याचं हमीपत्र बावीस घरांच्या सह्यांनिशी महापालिकेत दिलेलं आहे. त्यावर माझीही सही आहे. अक्षर चांगलं म्हणून मसुदाही मीच लिहिला होता.

चोर पकडायचा तर कॅमेरा हवा. रविवारी मी, माझा नवरा शिवशंकर आणि बाळ असे तिघं स्कूटरवरून औरंगपुऱ्यात गेलो. दुकानदाराचं नाव गोकुळ. त्यानं आधी विचारलं की काय सांभाळायचंय, सोनं की गाडी.

"पाणी," मी म्हणाले.

तो चकित झाला नाही. त्यानं टेबलाखालून छापील कागद काढला. "मग हे वॉटर पॅकेज घ्या, भाभी. या उन्हाळ्यात सोन्यावर कॅमेरा लावणारं एकही गिऱ्हाईक आलं नाही, कसम से."

एक कॅमेरा हौदावर, असं आमचं ठरलेलं होतं. पण शिवशंकर वाळूजच्या कंपनीत मालाची तपासणी करतो. दोष काढण्याचा त्याला पगार मिळतो, आणि तो घरी आल्यावरही थांबत नाही. त्यानं विचारलं, चोरानं कॅमेराच नेला तर? गोकुळ म्हणाला, म्हणून दुसरा, पहिल्याकडे बघणारा. दुसराही नेला तर? तो नेताना पहिल्यात दिसेल. आणि दोन चोरांनी मिळून दोन्ही एकदम नेले तर? गोकुळनं आदरानं शिवशंकरकडे पाहिलं आणि फाटकासाठी तिसरा लिहिला. चौथ्याची गरज नव्हती, पण डबा चारचा येतो. तो कुठं लावायचा याचा विचार करत असताना बाळानं गोकुळचा स्क्रूड्रायव्हर तोंडात घातला. चौथा दिवाणखान्यात लावायचा ठरला.

इथं भागूबाईंबद्दल सांगायला हवं. मी शाळेत शिकवायला जाते तेव्हा बाळाला त्या बघतात. गावाकडं पाणी आटल्यावर त्यांचं कुटुंब मेंढरं घेऊन इकडं आलं, आणि कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांनी पाल टाकलं. नवरा सांडू कळप घेऊन लांब गेला आहे. लहान कोकरं आणि म्हातारी सासू भागूबाईंपाशी आहेत. त्यांचा पगार ठरवताना त्यांनी पैशांवर फार घासाघीस केली नाही. "रोज दोन हंडे पानी द्या, ताई. बाकीचं तुमच्या मनानं." तेव्हापासून रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांचे दोन हंडे स्वतः भरून देते.

कॅमेरे बसले. हालचाल झाली की फोनवर सूचना येई. सासूबाई हौदाकडे जाताना नीट पदर घेऊ लागल्या. शिवशंकरनं अंगणात बनियनवर फिरणं सोडलं. चौथा कॅमेरा मात्र दर दोन मिनिटांनी कळवी : "पाळीव प्राणी आढळला." तो प्राणी आमचं बाळ होतं. जे दोन पायांवर ते माणूस, जे चार पायांवर ते जनावर, अशी त्या यंत्राची सरळ समजूत होती. वर्गात सदतीस मुलं समोर असायची आणि माझा जीव अडतिसाव्यात. टेबलाखाली फोन धरून मी बघायची. प्राणी सोफ्याखाली गेला. प्राण्यानं भागूबाईंचा अंबाडा सोडला. एका मंगळवारी, सातचा पाढा चालू असताना, सूचना आली : "व्यक्ती आढळली." पडद्यावर बाळ खुर्चीला धरून उभं होतं, आणि भागूबाई हात पसरून समोर बसल्या होत्या. मी सात साते किती हे मुलांनाच विचारलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

शेजाऱ्यांना आमचे कॅमेरे आवडले नाहीत. कॅमेरा लावला म्हणजे आमच्यावर संशय आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. आपण संशयित नाही हे ज्यांना सिद्ध करायचं होतं त्यांनीही कॅमेरे लावले. मग ज्यांनी लावले नाहीत ते काहीतरी लपवतात असं दिसू लागलं. महिन्याभरात बावीस घरांवर अठ्ठ्याऐंशी कॅमेरे झाले, कारण डबा चारचाच येतो.

एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या अंगणात बघतो यावरून तंटे सुरू झाले तेव्हा सोसायटीचे सचिव रामकिसन काका पुढं आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. ज्या तलावावर त्यांनी सतरा वर्षं नोकरी केली त्यात एकदाही पाणी साठलं नाही. त्यामुळे पाण्याशिवाय पाण्याचा कारभार चालवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी "दृष्टिक्षेत्र नियमावली" काढली. प्रत्येक कॅमेऱ्यानं स्वतःची हद्द अधिक अठरा इंच एवढंच बघावं. त्यापलीकडं काही दिसल्यास ते दिसलं नाही असं समजावं. दिसून गेलं असल्यास नमुना क्रमांक तीन भरून द्यावा.

एप्रिलात धुळीचे लोट उठू लागले आणि सगळे कॅमेरे आंधळे झाले. काकांनी दुसरं परिपत्रक काढलं की सुरक्षेच्या दृष्टीनं प्रत्येक भिंग रोज एक तांब्या पाण्यानं धुवावं. अठ्ठ्याऐंशी तांबे. पाण्याची राखण करायला रोज सात-आठ बादल्या पाणी लागू लागलं, आणि तेवढं जास्त जातंय म्हटल्यावर चोरीचा आकडाही वाढला. सगळ्यांच्या हौदातली पातळी उतरत होती. एकाही कॅमेऱ्यात चोर नव्हता.

शेवटी आम्ही गोकुळला बोलावलं. यंत्र बिघडलंय का, म्हणून. त्यानं यंत्राकडे पाहिलंच नाही. हौदात वाकून नळाचा पाइप बघितला, मग घमेलं उचलून मोटार बघितली, आणि हसायला लागला.

"चोर बाहेरून येतच नाही, भाभी. तुमच्या पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं आहे. शेजारी मोटार लावतो तेव्हा लाइनीत पाणी नसतं, मग ती तुमच्या हौदातलं ओढते. तुम्ही लावता तेव्हा त्याच्या. बावीस घरं एकमेकांचं पितायत."

त्यानं पाइप नऊ इंच वर कापला आणि या कामाचा एक रुपया घेतला नाही. दुसऱ्या सकाळी सासूबाईंच्या काठीवर पाणी होतं तिथंच होतं.

मी धावत काकांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खातं त्यांचंच, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. "तांत्रिकदृष्ट्या तुझं बरोबर आहे, सूनबाई. पण मोटार ओढते असं इतिवृत्तात लिहायचं, तर मोटार आहे असं आधी लिहावं लागेल. आपल्या कॉलनीत मोटार नाही. हमीपत्र तूच लिहिलंस."

"मग चोर कोण म्हणून लिहिणार?"

"जो दिसेल तो," काका म्हणाले.

शनिवारी सभा भरली. काकांच्या टीव्हीवर सगळ्या घरांच्या फाटकांवरचं चित्रण लावलं गेलं. त्या कॅमेऱ्यांनी मिळून अडीच महिने जे पाहिलं होतं, त्यात पाणी घेऊन कॉलनीबाहेर जाणारं एकच माणूस होतं. डोक्यावर हंडा, कमरेवर हंडा. भागूबाई एकोणीस कोनांतून दिसल्या. नियमावलीप्रमाणे त्यातले सतरा कोन दिसले नाहीत असं समजायचं होतं, पण सभेनं तो नियम एकमतानं तेवढ्यापुरता शिथिल केला. हौद तर कुलूप लावलेला असतानाही उतरत होता, असं मी म्हटल्यावर एकजण म्हणाले, कुलूप उघडं असताना दिवसाढवळ्या नेणं ही तर त्याहून मोठी हिंमत झाली. ठराव तयारच होता. भागूबाईंना कॉलनीत यायला कायमची बंदी, आणि चित्रण जोडून पोलिसांत अर्ज.

मी उठून सांगितलं की ते हंडे मी देते, ते त्यांच्या पगारातले आहेत. काकांनी विचारलं, पुरावा? तुमच्याच हौदावर कॅमेरा आहे ना. आणा चित्रण, अर्जाला तेच जोडू. सभा दहा मिनिटं तहकूब झाली.

दाराबाहेर भागूबाई बाळाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. आत काय चाललंय ते त्यांना ऐकू आलं होतं, पण त्या घाबरलेल्या नव्हत्या.

"ताई, तुमच्या कॅमेऱ्यात समदं असंल की," त्या म्हणाल्या. "मी रोज त्याच्याकडं बघूनच हंडा उचलते. म्हनलं, दिसू द्या. आपल्याला काय लपवायचंय?"

घरी येऊन आम्ही चित्रण उघडलं. अगदी स्वच्छ होतं, भिंग रोज धुतल्यामुळे. सकाळचे सात वाजून पाच मिनिटं. मी हौदातून बादली काढून हंडा भरते आहे. भागूबाई कॅमेऱ्याकडे बघून हसतात. आणि माझ्या पायाशी घमेलं बाजूला पडलेलं आहे, नळाला लावलेली आमची मोटार सुरू आहे, तिच्यावरची कंपनीची पट्टीसुद्धा वाचता येते आहे.

शिवशंकरनं चित्रण थांबवलं. मग म्हणाला, "हे पोलिसांत गेलं तर नळ तोडतील. आपला एकट्याचा नाही, बावीसच्या बावीस." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या बाळाच्या बाटलीत पाणी भरत होत्या.

शिवशंकरनं पडद्यावर बोट ठेवून चौकट आत ओढली. मोटार कापायला डावी बाजू काढावी लागली. डाव्या बाजूला मी होते. उरलं ते एवढंच : आमचा उघडा हौद, आणि त्यातून भरलेला हंडा उचलून कॅमेऱ्याकडे बघून हसणारी एक बाई. फोन माझा होता, तो माझ्याच बोटानं उघडतो, त्यामुळे पाठवलंही मीच.

सभेनं चित्रण दोनदा पाहिलं, दारातून भागूबाईंनीही. "हसतीय बघा," कुणीतरी म्हणालं. ठराव मंजूर झाला. भागूबाईंनी बाळाला माझ्या हातात दिलं. त्याला वाटलं खेळ आहे, ते पुन्हा त्यांच्याकडे झेपावलं. त्यांनी त्याची मूठ पदरातून एकेक बोट करून सोडवली आणि मला विचारलं, "तुम्ही कुठं गेल्या हो, ताई, त्या फोटूतून?"

त्या गेल्यावर काकांनी घराघरांत जाऊन, कुठंही नोंद न करता, पाइप नऊ इंच कापायला सांगितलं. आठवड्यात सगळ्या हौदांची पातळी थांबली. वार्षिक अहवालात लिहिलं गेलं की कॅमेरे बसवल्यामुळे आणि संबंधित महिलेस वेळीच प्रतिबंध केल्यामुळे पाणीचोरीस शंभर टक्के आळा बसला. अहवालाचा मसुदा माझाच आहे. प्लॉटवर आता पाल नाही.

चित्रण सभेबाहेर कसं गेलं ते माहीत नाही. गेल्या आठवड्यात मुकुंदवाडीच्या माझ्या मावसबहिणीनं मला ते पाठवलं. खाली लिहिलं होतं : "आपल्या भागात पाणी चोरणारी टोळी फिरत आहे, सावध राहा, जास्तीत जास्त लोकांना पाठवा." तिच्याकडे ते जालन्याहून आलं होतं, आणि तिथं ते जालन्यातलंच म्हणून फिरत होतं. म्हणजे तुमच्याकडेही आलं असणार. अकरा सेकंदांचं आहे. बाई हसते, डावीकडे चित्र जरा चमत्कारिक तुटतं, आणि संपतं. तुम्ही ते कितीजणांना पाठवलंत, तेवढं कळवा. अहवालाला परिशिष्ट जोडायचं आहे.