मुळेकाका आणि दोन फळ्या

मुळेकाकांच्या स्वयंपाकघरातला फ्रिज मी पहिल्यांदा उघडला तेव्हा आत दूध नव्हतं. दुधाचं चित्र होतं.

आम्ही नुकतेच झाशीला आलो होतो. माझे मिस्टर फौजेत, नेमणूक जवळच्या बबिन्याच्या छावणीत. मला शहरातल्या शाळेत नोकरी मिळाली, म्हणून खंडेराव गेटजवळ मुळ्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. सामान चढवून घशाला कोरड पडली होती. मुळेकाकू म्हणाल्या, "फ्रिजमधलं गार पाणी घे गं." आत गेले तर समोरच उंच, पांढराशुभ्र फ्रिज. दार ओढलं आणि ते अख्खंच माझ्या हातात आलं. आत पुठ्ठ्याचे कप्पे, आणि कप्प्यांवर स्केचपेनने काढलेली दुधाची पिशवी, कोथिंबिरीची जुडी, चार लिंबं.

"तो नव्हे गं," काकू मागून म्हणाल्या. "तो यांचा. खरा तिकडे कोपऱ्यात आहे, बुटका."

तेवढ्यात काका धावत आले. मला वाटलं, मोडतोड केली म्हणून रागावतील. पण त्यांचा चेहरा खुलला होता.

"दार कुठल्या बाजूने ओढलंस, बेटा? उजवीकडून ना? बघ, मी म्हणत होतो! नवा माणूस उजवीकडूनच ओढणार!" आणि खिशातून पेन्सिल काढून त्यांनी फ्रिजच्या अंगावरच एक बाण काढला.

काका शहराबाहेरच्या मोठ्या सरकारी कारखान्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाले, पण नकाशे थांबले नाहीत. घरात कुठलीही वस्तू आणायची तर आधी तिचा नमुना करायचा, तो घरात ठेवायचा, त्याच्यासोबत राहून बघायचं आणि मग बाजारात जायचं. "पहले नमुना, मग सामान," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कूलर आला त्याआधी महिनाभर खिडकीत थर्माकोलचा कूलर होता. स्कूटर घ्यायची होती तेव्हा दोन स्टुलांवर फळी टाकून काका रोज संध्याकाळी त्यावर बसायचे आणि मागे काकूंना बसवायचे, पाठीला त्रास होतो का ते बघायला. काकू मागे बसून निवांत मेथी निवडायच्या. लेकीच्या लग्नात मंडप आतल्या चौकात मावतो का हे बघायला त्यांनी म्हणे सगळ्या साड्या बाहेर काढून वर ताणल्या होत्या. "जावयाचा तेवढा नमुना केला नाही," काकू सांगायच्या, "तो मंजूने परस्पर पसंत केला म्हणून."

गल्लीत त्यांना 'नमूना अंकल' म्हणतात. हिंदीत विक्षिप्त माणसालाही 'नमूना' म्हणतात, हे काकांना चांगलंच मालूम आहे. मालूम हा शब्द त्यांचाच. मुळे घराणं झाशीत इतकं जुनं की काकांच्या मराठीत हिंदी दूधसाखरेसारखी मिसळलीय. काकू मात्र वाईच्या. लग्न होऊन आल्या त्याला जन्म लोटला, तरी अजून दुरुस्त करतात.

"मला मालूम आहे."

"माहीत आहे म्हणा हो."

"माहीत आहे, मालूम आहे मला."

काकू वाईहून येताना एक ट्रंक भरून पुस्तकं घेऊन आल्या होत्या. बडा बाजारात सगळं मिळतं, फक्त मराठी पुस्तक मिळत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातून इकडे येणाऱ्या प्रत्येकाकडे काकूंची एकच मागणी असायची. फौजींच्या बायकांनी सुट्टीवरून येताना चिवडा, कोकम आणलं तर काकू तोंडभर कौतुक करायच्या, पण नजर पिशवीच्या तळाशी. दुपारी जेवणं झाली की ओसरीत पाय पसरून वाचत बसायच्या. त्या वेळी त्या झाशीत नसायच्याच.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, पुढे दोन्ही. त्यात डोळ्यांच्या पडद्याचा त्रास निघाला, बारीक अक्षर दिसेना. एके दिवशी त्यांनी पुस्तकं ट्रंकेत परत भरली. "वाचून झालंय सगळं," म्हणाल्या. आणि दुपारी ओसरीतच, त्याच जागेवर, एक हात दुसऱ्या हातात धरून बसायला लागल्या.

काकांना ते बघवेना. ते दुपारभर घरात फेऱ्या मारायचे. एकदा कुठलं तरी पुस्तक काढून स्वतःच वाचून दाखवायला बसले, पण त्यांचे हिंदी वळणाचे उच्चार ऐकून काकूंना हसू आवरेना. "अहो, नायिका 'चमचा' मागतेय, तुम्ही तिला बुंदेलखंडी का करताय?" काकाही हसले, पण पुस्तक मिटलं.

लेकीने बंगळूरहून फोन केला. "आईला टॅबलेट घेऊया बाबा. त्यात मराठी पुस्तकं येतात, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मी पाठवते. लहान हवा की मोठा, तेवढंच सांगा."

तेवढंच! मंजू स्वतःच्या वडिलांना विसरली होती.

दुसऱ्याच दिवशी काकांनी सफरचंदाच्या खोक्याच्या फळ्या काढून तासल्या आणि दोन टॅबलेट तयार केले. एक तळहातापेक्षा थोडा मोठा, दुसरा पोळपाटाएवढा. वजन खऱ्याइतकंच भरायला हवं म्हणून मागे लोखंडी चकत्या ठोकल्या आणि दोन्ही फळ्या घेऊन बडा बाजारातल्या किराणावाल्याकडे गेले. मी डाळ घ्यायला तिथेच होते. किराणावाल्याने काट्यावरच्या फळीकडे बघून हात जोडले. "मुळे साहब, दाल लेनी है कि लकड़ी तौलनी है?"

"भैया, एक चकती और डालो," काका म्हणाले. "अभी हल्का है."

फळ्यांवर त्यांनी कागद चिकटवले आणि काकूंच्या आवडत्या कादंबरीतला मजकूर मोठ्या, टपोऱ्या अक्षरांत स्वतः लिहिला. कारखान्यातलं वळण, एकेक अक्षर कोरल्यासारखं. मग काकूंवर प्रयोग सुरू झाले.

लहान फळी काकूंच्या हातात नीट बसायची. हात थरथरला तरी सुटायची नाही. पण त्यांना दिसेल एवढं अक्षर काढलं की ओळीत दोन-तीन शब्दच मावायचे. "सुमती दारात," काकू वाचायच्या आणि थांबायच्या. "पुढे?" "पुढच्या पानावर," काका ओशाळून सांगायचे. "अहो, पण तोवर मी विसरते की ती दारात का आली!"

मोठ्या फळीवर अख्खा परिच्छेद मावायचा. काकूंचा चेहरा उजळायचा. पण थोड्याच वेळात मनगटं थकायची, फळी झुकायला लागायची आणि एकदा तर सरळ चहाच्या कपात उतरली.

काका वर माझ्याकडे आले. इतकं हैराण मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बेटा, डोळे मोठा मागतात, हात लहान मागतात. एकाच माणसाचे आहेत ना दोन्ही?"

त्यांनी डॉक्टरांना विचारलं, दूधवाल्याला विचारलं, माझे मिस्टर रविवारी घरी आले तर त्यांना दारातच गाठलं. मी शेवटी म्हटलं, "काका, काकूंना विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? तिला काहीही विचारा, 'चालेल' म्हणते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, फळ्यांवरसुद्धा बसवलं, एकदा तरी 'नको' म्हणाली?"

अखेर असं ठरलं की खरी वस्तू हातात घेऊनच निकाल लावायचा. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं ई-रिक्षाने सदर बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानदार उत्साही होता. "अंकल, इसमें गेम बढ़िया चलता है."

"आंटी खेलती नहीं," काका म्हणाले आणि खिशातून टेप काढून त्यांनी मापं घ्यायला सुरुवात केली.

मी दोन्हींवर एक मराठी गोष्ट शोधून काढली आणि अक्षर मोठं केलं. आधी लहान टॅबलेट काकूंच्या हातात दिला. छान बसला. पण पान बदलायला त्यांनी बोट टेकवलं तर थरथरीने चार-पाच पानं एकदम पळाली. काकांनी परत आणून दिली. मग काउंटरवर मोठा टॅबलेट ठेवला. काकू वाकल्या. आधी ओठ हलले, मग आवाज आला. एक ओळ, दोन ओळी, अख्खं पान त्यांनी वाचलं, त्या गजबजलेल्या दुकानात, खणखणीत मराठीत. मागे मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेली दोन माणसं मान वाकवून बघायला लागली. पान संपलं तेव्हा काकूंनी पदराने चष्मा पुसला.

"लहान द्या," काका दुकानदाराला म्हणाले.

मला धक्काच बसला. "काका, पण आत्ता तर..."

"नाही बेटा. मी सोचून ठेवलंय." ते माझ्याकडे बघत होते, पण बोलत होते काकूंशी. "तीन शब्द तर तीन शब्द. पण हातात राहील. तिला कुणाची गरज लागायला नको. मी काय नेहमी घरात असणार आहे? बाजारात गेलो, बीमार पडलो. उद्या मी..." पुढचं त्यांनी टेप गुंडाळण्यात घालवलं.

"मोठा," काकू म्हणाल्या.

काकांनी वळून बघितलं. "तुझ्या हातात राहणार नाही तो."

"नाही राहणार."

"मग?"

"तुम्ही धरा."

काकांच्या हातातल्या टेपचं टोक सुटून पुन्हा सर्रकन बाहेर आलं, ते त्यांना कळलंही नाही. दुकानदाराने विचारलं, "तो फिर कौन सा, अंकल?"

"जो आंटी बोल रही हैं," काका म्हणाले.

घरी आल्यावर काका खोकं उघडत बसले आणि मी काकूंना चहा करायला मदत करत होते. मी म्हटलं, "काकू, लहान टॅबलेट खरंच सोयीचा होता. काकांचंही बरोबर होतं."

"बरोबरच होतं." काकूंनी साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला. "लहान घेतला असता तर मी माझी वाचत बसले असते. आणि हे? दिवसभर फेऱ्या मारतात. कारखान्यात माणसं यांच्या टेबलाभोवती उभी असायची, मुळे साहब हे बघा, मुळे साहब ते बघा. आता दिवसच्या दिवस कुणी विचारत नाही. हे फ्रिज काय, कूलर काय, मला कळत नाही होय? यांना तासभर बसून काहीतरी करायला मिळतं, म्हणून तर मी फळीवर बसत होते." मग गॅस बारीक करत म्हणाल्या, "हात माझे दमतात. त्यांचे रिकामे आहेत."

वाचन सुरू झालं. दुपारची जेवणं झाली की काका मांडीवर उशी घेऊन बसायचे, उशीवर टॅबलेट धरायचे आणि काकू शेजारी बसून मोठ्याने वाचायच्या. पान संपलं की काकू "हं" म्हणायच्या आणि काका अंगठ्याने पान सरकवायचे. अधूनमधून शंका काढायचे. "ही सुमती नवऱ्याला सरळ का नाही सांगत?" "सांगितलं तर पुस्तक संपेल ना!"

मंजूने टॅबलेट उभा ठेवायचा एक लोखंडी स्टँड पाठवला. काकांनी तो टेबलावर ठेवून चहूबाजूंनी पाहिला, बोटाने हलवला आणि निकाल दिला, "डोलतो." मी हलवून पाहिला, चांगला भक्कम होता. "डोलतो ना गं?" त्यांनी काकूंना विचारलं. काकू स्टँडकडे न बघताच म्हणाल्या, "फारच." तो आडवा टाकून त्यावर आता काकू कैऱ्यांच्या फोडींचं ताट ठेवतात. ज्या माणसाने फ्रिजमधली कोथिंबीरसुद्धा सोडली नाही, त्याने टॅबलेटच्या स्टँडचा एकही नमुना केला नाही, आणि मीही कधी विषय काढला नाही.

परवा शाळा लवकर सुटली. काकूंनी दिलेल्या कढीचं भांडं परत करायला खाली गेले. दार उघडंच होतं. काकू वाचत होत्या, म्हणून मी उंबऱ्याशीच थांबले. काका भिंतीला टेकून बसले होते. उशीवर दोन्ही हात, हातांत टॅबलेट, अगदी काकूंच्या नजरेच्या रेषेत. पान संपलं. काकू म्हणाल्या, "हं."

अंगठा हलला नाही. काकांची मान छातीवर आली होती. डोळे मिटले होते, श्वास संथ चालला होता. हात मात्र जिथल्या तिथे होते.

पान सरकवून द्यावं म्हणून मी पुढे झाले. काकूंनी मान हलवून मला थांबवलं. चष्मा सारखा केला, नजर पानाच्या पहिल्या ओळीवर नेली आणि आवाज जरा उतरवून तेच पान पुन्हा वाचायला घेतलं.