एका पोरीवर अखंड पहारा

टाळेबंदीच्या वर्षी, ऐन वैशाखात, देवगाव फाट्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या एका गावात बाहेरगावाहून एक व्यक्ती दाखल झाली. व्यक्तीचं वय सात वर्षं. सामान म्हणजे एक दप्तर आणि पाण्याची बाटली, तोंडाला फुलाफुलांचा मास्क. आई राजेश्री पुण्याच्या दवाखान्यात नर्स, तिला घरी यायची सवड नव्हती. बाप गोपाळ औषधांची गाडी चालवत होता. त्यानं लेकीला आपल्या आईच्या, चतुराबाईच्या, ओट्यावर उतरवलं आणि गावाला पत्ता लागायच्या आत आल्या वाटेनं गाडी वळवली.

गावाला पत्ता लागायला चहा उकळण्याइतका वेळ लागला.

लगेच ग्राम दक्षता समितीची तातडीची बैठक मारुतीच्या देवळात भरली. समितीत सात जण होते. बैठकीला एकतीस आले. कारण पाचाहून जास्त लोकांनी एकत्र येऊ नये हा हुकूम वरून आला होता, आणि तो सगळ्यांना एकदाच वाचून दाखवणं सोयीचं होतं. अध्यक्ष किशनराव मधोमध बसले होते. घाम पुसायला सोपा पडावा म्हणून त्यांनी मास्क गळ्यात घेतला होता.

प्रश्न अवघड होता. बाहेरून आलेल्या माणसानं चौदा दिवस शाळेत राहावं, असा एक नियम होता. दहा वर्षांखालच्या लेकरांनी घराबाहेर पडू नये, असा दुसरा. पासष्टच्या वरच्या म्हाताऱ्यांना जपावं, हा तिसरा. म्हणजे पोरीला घरात ठेवता येत नव्हतं, घराबाहेर काढता येत नव्हतं आणि आजीजवळ तर अजिबातच नाही. ग्रामसेवक महारुद्र यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की लहान मुलांच्या बाबतीत समितीनं परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा. ती ओळ सगळ्यांनी त्यांच्याकडून आणखी दोनदा वाचून घेतली. निर्णय घ्यायची पाळी या गावावर फार दिवसांनी आली होती.

चतुराबाई देवळाच्या पायरीखाली, बरंच अंतर राखून उभी होती. ती म्हणाली की पोरगी घरी राहील, आपण पडवीत निजू आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधू. तिच्या लहानपणी तिच्या भावाला देवी आल्या होत्या, तेव्हा दाराला असाच डहाळा होता. तो दिसला की माणूस रस्ता बदलायचा. भाकरी उंबऱ्यावर ठेवून शेजारीण मुकाट्यानं माघारी जायची. ना कुणी डोकावलं, ना कुणी बैठक घेतली. एकवीस दिवसांनी डहाळा वाळला, भाऊ बरा झाला आणि गावानं त्याला विहिरीवर न्हाऊ घातलं. एवढंच.

"ते अडाणी दिवस व्हते काकू," किशनराव म्हणाले. "आता शास्त्र आलंय. डहाळ्यानं काय व्हतंय? बंदोबस्त पायजे."

शेवटी तोडगा निघाला. शाळेच्या पहिलीच्या वर्गात पोरगी, दुसरीच्या वर्गात आजी आणि मधल्या दारात दिनकर गुरुजींचं टेबल. टेबल ही हद्द. चतुराबाईनं फार वाद घातला नाही. पोरीला तिनं कानात एकच गोष्ट सांगितली होती. घरी शेळी व्यायली होती, दोन पिल्लं होती, एक पांढरं आणि एक करडं. चौदा दिवस झाले की पंधराव्या दिवशी सकाळी पिल्लं मांडीवर. पोरीनं फळ्यावर चौदा रेघा मारल्या आणि रोज एक पुसायची ठरवली.

बंदोबस्ताचं काम किशनरावांकडे आलं, आणि इथून पुढचं सगळं घडलं ते त्यांच्या अनुभवामुळं. किशनराव बावीस वर्षं गावचा अखंड हरिनाम सप्ताह चालवत होते. सात दिवस वीणा खाली टेकू द्यायची नाही, दोन-दोन तासांचा पहारा, रोज एका घरची पंगत, शेवटी काला आणि महाप्रसाद. त्या वर्षी रोगामुळं सप्ताह बंद पडला होता. मांडववाले मोकळे होते, आचारी मोकळे होते, मोठाली पातेली पालथी पडली होती आणि सगळं गाव हात चोळत बसलं होतं. किशनरावांना माणसं कामाला लावायची दुसरी कुठली रीत ठाऊक नव्हती. सात दिवस जमत होतं, तेच आता दोनदा करायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर खडूनं पहाऱ्याची यादी लागली. एका पाळीला चार माणसं. पहाटेच्या पाळीवरून दोन भावक्यांत तंटा झाला, कारण पहाटेचा पहारा मानाचा. तो मिटवायला पाळी आठ माणसांची केली. पोरीला पळून जायला जागा नव्हती, पळून जायची इच्छाही नव्हती. पण पहारा खंडित झाला तर जिम्मेदारी कुणाची, असा महारुद्रांनी प्रश्न काढला आणि खुर्च्या आल्या. खुर्च्यांवर सावली हवी म्हणून मांडव आला. मांडवात बसलेल्यांना चहा आला. चौथ्या दिवशी रंगनाथच्या घरून पिठलं-भाकरी आली, तेव्हा पाचव्या दिवशी पंडितच्या घरून पुरी-भाजी येणं भागच होतं. सहाव्या दिवशी पंगतीला दीडशे पान उठलं. जेवताना मास्क काढावा लागतो, याला शास्त्राचाही इलाज नव्हता.

मांडवात कर्णा लागला. त्यावरून दर तासाला सांगितलं जायचं की लहान लेकरांना घराबाहेर आणू नये, शाळेत एक केस ठेवली आहे. ते ऐकून बाया आपापली लेकरं कडेवर घेऊन केस बघायला यायच्या. खिडकीच्या गजांना तोंडं लागायची. मागच्या आयांना दिसत नसे म्हणून त्या पुढच्यांना ढकलायच्या. "बघ, बाहेर हुंदडलं की असं कोंडत्यात," असं म्हणत आपल्या पोरांना भीती घालायच्या, आणि ती पोरं भिण्याऐवजी आत जायचा हट्ट धरायची. तिथं बाकं होती, फळा होता, आणि जेवण बाहेरून येत होतं.

पोरीनं खिडकीपासून सहा फूट मोजून आत खडूनं रेघ ओढली होती. ती रेघेच्या आत बसायची. गर्दी झाली की उठून सांगायची, "काका, मास्क नाकावर घ्या. काकू, लांब उभ्या राहा." आईनं शिकवलेलं होतं. दोन दिवस गावाला याचं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी पुण्याची पोरगी लय बोलती अशी तक्रार समितीकडे आली आणि खिडकीचं एक दार लावून घेण्यात आलं. नंतर नवल सरलं. लोक मांडवात बसून पत्ते खेळू लागले, खिडकीकडे फिरकेनासे झाले. पहारा मात्र अखंड होता.

टेबलाच्या अलीकडून चतुराबाई तिला गोष्टी सांगायची. पलीकडून पोरगी विचारायची, "आजी, ते करडं आता चालत असेल का?" चतुराबाई म्हणायची, "चालतंय व माय, उड्या मारायलंय." शेजारची नर्मदाबाई शेळीचं बघत होती आणि रोज लांबूनच निरोप ओरडून जात होती. सगळ्या गावात लांबून बोलणारी ती एकटीच, कारण तिचं आणि किशनरावांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं आणि ती मांडवात पाय ठेवत नव्हती.

फळ्यावर दोन रेघा उरल्या होत्या तेव्हा पंडित खोकला. भर पंगतीत, आमटी वाढता वाढता. मग रंगनाथ खोकला. मांडवातच पुन्हा बैठक बसली. खोकला आला कुठून, यावर कुणाचं दुमत नव्हतं. सगळ्यांनी पहिलीच्या वर्गाकडे पाहिलं. महारुद्रांनी कागद काढला आणि सांगितलं की केस खोकल्याच्या संपर्कात आली आहे, सबब तिचे दिवस आजपासून नव्यानं मोजावे लागतील.

चतुराबाई दुसरीच्या खिडकीत आली. "किशनराव, पोरगी आत हाय. तुमी बाहीर हाव. खोकला तुमचा. मग दिवस तिचे कसे वाढले?"

"नियमच हाय काकू."

"मग खोकणाऱ्याला ठिवा की आत."

"त्येनला कसं ठिवता येईल?" किशनरावांना खरंच आश्चर्य वाटलं. "त्येंच्यावर पहाऱ्याची पाळी हाय."

पलीकडं पोरीनं मुकाट्यानं खडू उचलला आणि पुसलेल्या बारा रेघा परत मारल्या. रडली नाही. फक्त विचारलं की पिल्लं मोठी झाली की मांडीवर मावत नाहीत ना. चतुराबाईनं मधल्या टेबलाकडे पाहिलं.

पोरीचे दिवस वाढले, पण महाप्रसादाचा दिवस वाढवता येत नव्हता. आचाऱ्याला सांगून ठेवलं होतं, मोबाइलवरून चार गावांना आवतण गेलं होतं, बुंदी आदल्या दिवशीच पाडली होती. तेव्हा चौदाव्या दिवशी काला झाला. पोरगी आत आणि समाप्ती बाहेर. हजारभर माणूस जेवलं. आदर्श विलगीकरण केल्याबद्दल समितीनं समितीचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. पहाऱ्यावरचे आठ जण दुपारी पंगतीला बसले, ते पहारा सोडून नव्हे, पत्रावळी दाराकडे तोंड करून मांडल्या होत्या.

चतुराबाईनं टेबल बाजूला सारलं. सात वर्षांची नात आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आजी, दोघी मास्क नाकावर घेऊन दारातून बाहेर आल्या आणि पंगतीच्या कडेकडेनं, माणसं चुकवत निघाल्या. कुणी अडवलं नाही. एक वाढपी उलट चिडला, म्हणाला, उभ्या का, बसून घ्या की. दुसऱ्यानं पोरीच्या पुढं बुंदीचा द्रोण धरला आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

"आजीची," पोरगी म्हणाली, आणि द्रोण न घेता पुढं गेली.

करडं पिल्लू मांडीवर मावलं. पांढरं थोडं सांडलं.

चतुराबाईनं दाराला डहाळा बांधला, आणि ते पाहायला गावात कुणी नव्हतं. सगळं गाव शाळेवर होतं. पुढचे नऊ दिवस कर्ण्यावरून दर तासाला केसची माहिती येत राहिली. पोरगी ओट्यामागं शेळीला पाला चारत स्वतःबद्दल ऐकायची. दहाव्या दिवशी दिनकर गुरुजी हजेरीपत्रक न्यायला वर्गात गेले आणि बाहेर येऊन म्हणाले की आत कुणी नाही. समितीनं विचार केला. पहारा खोलीवर लावला होता आणि खोली जागेवर होती. पहारा खंडित झाला असं म्हणता येत नव्हतं. उरलेले दिवस पूर्ण करण्यात आले.

मग तपासणीचं पथक आलं आणि एकशे त्रेसष्ट माणसं बाधित निघाली. नशीब की कुणी दगावलं नाही, सगळे खोकून खोकून उठले. निरोगी निघालेल्यांत चतुराबाई, तिची नात आणि नर्मदाबाई. गावातली दारं लागली, आणि त्या महिन्यात सगळ्या रस्त्यावर एक पोरगी आणि दोन पिल्लं तेवढी मोकळी हिंडत होती. खिडक्यांतून लोक ओरडायचे की लेकराला आत घ्या, नियम हाय.

महारुद्रांना तालुक्याला अहवाल पाठवायचा होता. रोगाचं कारण या रकान्यात त्यांनी 'बाहेरगावाहून आलेले मूल' असं लिहिलं. पुढचा रकाना मुलाच्या नावाचा होता. त्यांनी किशनरावांना फोन लावला, किशनरावांनी पंडितला, पंडितनं रंगनाथला. शेवटी महारुद्र स्वतः चतुराबाईच्या ओट्याखाली येऊन उभे राहिले, मास्क नाकावर घेऊन, पहिल्यांदाच, आणि विचारलं, "काकू, पोरीचं नाव काय व?"

"नाव हाय की," चतुराबाई म्हणाली. "आतापरेंत कुणाला लागलं न्हाई. आता कशाला पायजे?"

महारुद्रांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी रकान्यात 'सदर' असं लिहिलं, सही केली आणि अहवाल गेला. तालुक्यानं तो मंजूर केला, जिल्ह्यानं गावाला बक्षीस दिलं, आणि पाठ थोपटताना नावाची चौकशी तिथंही कुणी केली नाही.

हसायला हरकत नाही. पण गावातल्या सगळ्यांची नावं तुम्हांला कळली, खोकणाऱ्यांची, वाढणाऱ्यांची, कागद उलटणाऱ्यांची. पोरीचं नाव काय, हे इथवर येईपर्यंत तुमच्या तरी मनात आलं होतं का?