डोंगरपट्टीच्या वाड्या नकाशात आल्या त्याची हकिकत

श्रीग्रामदेवता साक्ष. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृतनाम संवत्सरी, डोंगरपट्टी म्हणोन मुलूख, तेथे सोनबा हांडे नामे टपालवाले होते. छत्तीस वर्षे पायी टपाल वाटिले, मग चाकरी संपोन घरी बैसले, आणि दिवस सरेना जाहला. त्याच साली वैशाखात गवळणवाडीस एका इसमास सर्पदंश जाहला, आणि रुग्णवाहिका निघाली ती त्याच नावाच्या दुसऱ्या वाडीस पोहोचली, कारण फोनातील नकाशात हा डोंगर अवघा हिरवा, त्यात घर नाही की वाट नाही. आणि इसम निवर्तला. हे वर्तमान ऐकोन सोनबांस अन्न गोड लागेना. ते सूनबाई वैजयंता यांणी पाहिले आणि बोलिल्या, "मामंजी, हा नकाशा कोणालाही भरता येतो. तुम्हांला तर सगळ्या वाड्या पाठ आहेत." सोनबा म्हणाले, "अगं, सरकारचं काम ते. माझ्यासारख्यानं हात लावलेला चालतो का?" "लावून तर बघा," ऐसे म्हणोन त्यांणी संगणक पुढे ठेविला आणि आकाशातून घेतलेले चित्र उघडिले.

मग काय वर्णावे! ज्या डोंगरात चढउतार करोन गुडघे झिजले, तो डोंगर तळहाताएवढा होऊन समोर बैसला. घारीस दिसावे तैसे सोनबांस दिसो लागले, आणि एका ठिपक्याशी बोट थांबले. "हे भागूबाईचं घर. लेकाचं पत्र मीच वाचून दाखवायचो," इतके बोलिले आणि डोळ्यांस पाणी आले. मग रोज दुपारचे जेवण जाहले की बैसावे, एकेक घर, विहीर, ओढा मांडावा, आणि शंका वाटली तेथे दुसरे दिवशी स्वतः चालोन जावे. आणि नवल ऐसे की दूरदूरच्या मुलखांतील अनोळखी माणसे तोच नकाशा भरीत होती. त्यांणी सोनबांच्या चुका सुधारिल्या आणि चार शब्द शाबासकीचे लिहिले.

पुढे भाद्रपदात, भर दुपारी, गवळणवाडीच्या ठकूबाई झोरे यांस गवत कापिता हातास सर्प डसला. वर्तमान कळताच सोनबा धावत निघाले, आणि धापा टाकीत वाडीस पोहोचतात तो घरास कडी. शेजारीण बोलिली, "गाडी येऊन घेऊनसुद्धा गेली की, दादा!" "वाट कोणी दाखवली?" "कोणीच नाही. डायवर म्हणाला, नकाशात लिहिलंय, पावसात ओढ्यातून येऊ नका, टेकाडामागून या." ते शब्द सोनबांचे. ते तेथेच ओट्यावर मटकन बैसले. चौथे दिवशी ठकूबाई बऱ्या होऊन घरी आल्या.

सारांश, दुपारच्या मोकळ्या वेळात एका माणसाने एकोणचाळीस वाड्या मांडिल्या. हल्ली सोनबा सातासमुद्रापारच्या, भूकंप जाहलेल्या मुलखाची घरे मांडीत आहेत. तेथे टपाल कोण वाटितो, हे त्यांस ठाऊक नाही. इति.