बाईचं पित्तर

चिखलीत सभा असो, लग्न असो, नाहीतर कुणा पुढाऱ्याचा सत्कार असो, माइक सुरू झाला की आधी एक परदेशी बाई किंचाळते. मग पुढारी किंचाळतो. लोक आता दचकत नाहीत. "दिगूकाकाचा भोंगा लागला," म्हणतात आणि सतरंजीवर जागा धरतात.

"हॅलो, माइक टेस्टिंग" हे शब्द दिगूकाका साउंडवाल्यांनी उभ्या आयुष्यात उच्चारलेले नाहीत. "हॅलो तं कोणत्याबी डब्यातून येते," ते म्हणतात. "बाई ज्या भोंग्यातून नीट आली, त्यातून कोणीबी नीट येते. आवाज फाटला तरी चालते, खोटा नको."

ही बाई तिकडची गाणारी. गिटारींचा कल्लोळ, ढोल, आणि त्याच्या वर चढलेला तिचा खरवडलेला आवाज. तिशी गाठायच्या आत मेली, तीही आमच्या जन्माच्या कितीतरी आधी. नाव काकांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून नुसती 'बाई'. काकांच्या कानांत कायम कापसाचे बोळे असतात. ते फक्त बाईसाठी निघतात. माझं भाषण सुरू झालं की परत आत जातात. हा अपमान मी दोन वर्षं सोसला आहे.

बाई त्यांना अकोल्यात भेटली. तरणे होते, ॲम्प्लिफायर घ्यायला गेले होते. दुकानदाराने मशीनचा दम दाखवायला बाईचीच कॅसेट लावली आणि विचारलं, "मशीन पसंत हाये का?" काका म्हणाले, "मशीनचं मांगून पाहू. हे बाई कितीले?" कॅसेटच्या कव्हरावरचं इंग्रजी त्यांनी उंद्रीच्या एका मास्तरांकडून वाचून घेतलं. मास्तर म्हणाले, "अहो, ही तर मेली." "कव्हा?" "तुमी आयकायच्या आधीच." त्या दिवशी काका उंद्रीहून चिखलीपर्यंत सायकल हातात धरून पायी आले म्हणतात. मला हे खोटं वाटतं. पण काका खोटं बोलत नाहीत, ही पंचाईत आहे.

आमचं भांडण याच बाईवरून झालं. मी गावोगाव दारूबंदीचं काम करते. सभा घेते, पत्रकं लिहिते, घसा बसेस्तोवर घोषणा देते. काका मला 'पत्रकवाली' म्हणतात. एके दिवशी मला कळलं की बाई दारूनं आणि नशेच्या सुईनं मेली. मी तडक काकांच्या दुकानात गेले.

"काका, दारूबंदीच्या सभेत दारूनं मेलेली बाई लावता?"

"मंग कोणाले लावू? पिऊन जगली तिले?"

"लोकांनी काय घ्यावं यातून?"

"तुह्याच पत्रकात लिवलं हाये न, दारू माणूस खाते म्हून. हे खाल्लेलं माणूस हाये. आयकू दे लोकायले."

मी ऐकलं नाही. पिंपळगाव राजाला आमची दुसरी सभा होती, तिथे बाईवर बंदी घातली. काकांनी रागाने माइकमध्ये दोनदा खोकून टेस्टिंग उरकलं आणि बोळे घालून बसले. मी उभी राहिले. 'भगिनींनो' म्हणाले, तोच पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "आज ते नाही का वं? मांगच्या बारीले रडून राह्यली होती ते?"

"आजी, ती इंग्रजीत गाते. तुम्हाला काय समजलं?"

"त्यात समजाचं काय हाये? पोट भरलेली बाई अशी गाते का?"

मागून दोघी-तिघी म्हणाल्या, "लावा न, लावा." बोळे असूनही काकांना हे बरोबर ऐकू गेलं. पेन ड्राइव्ह त्यांच्या हातातच होता. बाई सुरू झाली, आणि माझ्या भाषणात चुळबुळ करणाऱ्या बाया पदर तोंडाशी धरून गप्प बसल्या. मेलेल्या बाईने जिवंत कार्यकर्तीची सभा पळवली. नंतर मी बोलले तेव्हा मात्र त्या पहिल्यांदा मोकळेपणी बोलल्या, हेही कबूल केलं पाहिजे.

मग पितृपक्ष आला. मी दरवर्षीचं पत्रक काढलं: 'जित्याला शिव्या, मेल्याला वडे!' ते वाटून होईस्तोवर काका माझ्या खोलीच्या दारात. खिशात माझंच पत्रक, चार घड्या घातलेलं.

"वाचलं. पटलं," ते म्हणाले. "पण सर्वपित्रीले तुले पित्तर बसाचं हाये."

आमच्याकडे मेलेल्याच्या जागी त्याच्यासारखंच माणूस जेवायला बसवतात. म्हाताऱ्यासाठी म्हातारा, सवाशिणीसाठी सवाशीण. तिथी ठाऊक नसेल त्याचं सर्वपित्री अमावस्येला. काका दरवर्षी त्या दिवशी बाईचं पित्तर घालत होते, आणि गावाला पत्ता नव्हता.

"मायचं-बापाचं भाऊ करते. बाईचं कोण करीन? इतके साल शेजारच्या मावशीले बसवलं. ते गेली पोरीकडं. अन् खरं सांगू का, मावशीचा गळा बासरीवानी. चुकीच्या घशातून जेवू घातलं बाईले."

"मग मीच का?"

"तरणी, बिनलगनाची, बोंबलू बोंबलू घसा बसलेली. चिखलीत दुसरी हाये का, तूच सांग."

मी भडकले. अंधश्रद्धा, भटशाही, जिवंत बायकांची उपासमार, सगळं सुनावलं. काकांनी बोळे काढून पूर्ण ऐकलं. शेवटी म्हणाले, "बराबर हाये. तू नाही आली तं बाई यंदा उपाशी राहीन, एवढंच." आणि गेले.

मी गेले. तत्त्वं घरी ठेवून नाही, भांडायला सोबत घेऊन गेले.

काका एकटेच राहतात. खोलीभर भोंगे आणि वायरी, मधे एक पाट. त्यांनी स्वतः रांधलं होतं: कढी, भात, भोपळ्याची भाजी, खीर, एका बाजूने करपलेले वडे. पित्तराच्या ताटात मेलेल्याची आवडती वस्तू ठेवतात. कुणाला बिडी, कुणाला तंबाखू, आणि दारूड्याला काय, ते मी कितीक घरांत पाहिलं आहे. बाटली दिसली की ताट ढकलून उठायचं, हे मी रस्त्यातच ठरवलं होतं.

ताटाशेजारी स्टीलचा गिलास होता. मी वाकून पाहिलं. हळद घातलेलं गरम दूध.

"हे हो काय? तिची आवडती वस्तू नाही ठेवली?"

काका वडे उलटे करून करपलेली बाजू लपवत होते. "सगळ्यायनं तिले तेच देल्लं," ते म्हणाले. "पे अन् गाय, पे अन् गाय. हळदीचं दूध कोणी देल्लं नसन. घसा पाह्य न तिचा."

मी पाटावर बसले. जेवले. काका समोर बसून वाढत होते. पित्तर उठल्याशिवाय घरच्याने खायचं नसतं, सकाळपासून ते तसेच होते. खीर संपल्यावर त्यांनी कानांतले बोळे काढून मुठीत धरले आणि माझ्याकडे न बघता, माझ्या मागच्या भोंग्यांकडे बघत विचारलं,

"पोट भरलं का, बाई?"

या प्रश्नावर माझ्या पत्रकात अर्धं पान खर्ची पडलं आहे. हा प्रश्न मेलेल्यांना नाही, जित्यांना विचारा, असं मीच लिहिलं होतं. मला तो शेवटचा कधी कुणी विचारला, ते काही केल्या आठवेना.

"भरलं," मी म्हणाले. आवाज फाटला.

काकांनी बोळे परत कानात घातले नाहीत. मग गिलास पुढे सरकवून म्हणाले, "दूध राह्यलं."